काटापूजनाच्या दहा वह्या

"पोरी, नंबर जोडाच्या आधी इच्चारून घेजो, कोणता नंबर कायचा हाय. अन् पेन्शनीचा पैसा काढाचं त नावच नको घेऊ."

हिरीबाईनं हे सांगितलं तेव्हा तिच्या एका हातात पाळण्याची दोरी होती आणि दुसऱ्या हातात बुंदीचा लाडू. पौर्णिमाच्या मुलीचं, पिंकीचं, नाव ठेवून झालं होतं. इंझोरीतलं ते दोन खोल्यांचं घर बायांनी भरून गेलं होतं आणि पौर्णिमाचं अर्धं लक्ष पाळण्याच्या गाठीकडे होतं, सुटत तर नाही ना म्हणून. ती हसली. "मावशी, आता सगळं मोबाइलवर असते. तुम्ही नका टेन्शन घेऊ."

"मोबाइलवर असू दे नाही त चुलीवर. आमच्या तांड्यातल्या प्रेमसिंगनं असेच काढले होते, साखर कारखान्यातले. आता त्याच्यासंगचे गडी महिन्याच्या महिन्याले पेन्शन घेतात अन् हा त्याइले बिडी मांगते."

सगळ्या बाया हसल्या, पौर्णिमाही हसली, आणि हिरीबाईचं बोलणं त्या हसण्यातच राहून गेलं. चार दिवसांनी हिरीबाईच्या तांड्यावरची माणसं ऊसतोडीला निघाली आणि त्या साली जिनिंगचं काम सोडून हिरीबाईही त्यांच्यासोबत गेली.

तशी पौर्णिमा कानामागे टाकणारी बाई नव्हे. पिंकीच्या आंघोळीचं पाणी ती आधी बोटानं, मग मनगटानं, मग कोपरानं बघायची आणि तरी पोरगी पाण्यात बसली की तिच्या तोंडाकडे बघत राहायची. ताप आला तर किती वाजता किती होता, हे एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवायची. नवरा विनोद चाकणला कंपनीत होता. तो फोनवर हसायचा, म्हणायचा, तू पोरगी नाही सांभाळून राह्यली, ऑडिट करून राह्यली. पण त्या दिवशी सांगणारी अंगठा लावणारी होती आणि ऐकणारी बी.कॉम. झालेली होती. एवढ्याशा कारणानं ते ऐकायचं राहिलं, हे पौर्णिमाला पुढे कबूल करावं लागलं.

गोष्ट होती सासूच्या, रुख्मिणीबाईंच्या पीएफची. कारंजा रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, रुख्मिणीबाई अकरा हंगाम कामाला होत्या. दसऱ्याच्या सुमारास कापसाचा पहिला काटा, म्हणजे पहिलं वजन, झालं की जायचं, कापसातली कवडी, म्हणजे किडका पिवळट कापूस, आणि कचरा वेचायचा, आणि होळीच्या आसपास रुईची शेवटची गाठ बांधली की घरी. वर्षातले पाच महिने. हिरीबाई शेजारच्याच ढिगावर बसायची. मागच्या साली रुख्मिणीबाईंना अठ्ठावन्न पूर्ण झाली, छातीत कापसाचा फुफाटा बसला होता, खोकला जात नव्हता, म्हणून त्यांनी काम सोडलं. पगारातून कापलेलं जे काही होतं ते पीएफच्या खात्यात होतं, आणि त्याची जबाबदारी आपोआप शिकलेल्या सुनेवर आली.

मोबाइलवर उघडून बघितलं तर खाती दोन निघाली. पहिल्या चार हंगामांचं एक, नंतरच्या सात हंगामांचं दुसरं. पौर्णिमानं पहिल्यातलं दुसऱ्यात ट्रान्सफर करायचा अर्ज केला. महिनाभरात झालंसुद्धा. पहिलं खातं शून्य, दुसऱ्यात सगळे पैसे, वर हिरवी बरोबरची खूण. तिला कोण आनंद झाला. मग तिनं एकूण सर्व्हिस बघितली: चार वर्षं सात महिने. पेन्शनला दहा वर्षं लागतात, हे तिला माहीत होतं. दहा भरत नसतील तर पेन्शनचा हिस्सा एकदम काढून घ्यायचा, हेही माहीत होतं.

"काढून टाक," विनोद म्हणाला. "वरचे टिन बदलून टाकू."

जूनमधल्या एका सकाळी तिनं तो क्लेम भरला. हिरीबाईचे शब्द तिला तेव्हा आठवलेच नाहीत असं नाही. पण अंगठा कोणी मागितला नाही, सही मागितली नाही. सासूच्या आधारला पौर्णिमाचाच नंबर जोडलेला होता; त्यावर ओटीपीचे सहा आकडे आले आणि ते तिनं भरले. इतक्या सोप्या गोष्टीत काही धोका असेल, असं वाटायला जागाच नव्हती.

त्यानंतर चौथ्या दिवशी पिंकीला नऊ महिन्यांची लस द्यायची होती. उपकेंद्रावर बायांची रांग होती, नर्सबाई यायच्या होत्या. पिंकी मांडीवर बसून लसीच्या कार्डाचा कोपरा चावत होती. पौर्णिमाला रांगेत नुसतं बसणं जमत नाही. लसीनंतर ताप किती येतो हे तिचं तीनदा वाचून झालं होतं. म्हणून तिनं फोनवर पेन्शनच्या नियमांची माहिती पुन्हा उघडली. क्लेम भरताना जे वाचलं होतं तेच, फक्त या वेळी शेवटपर्यंत.

शेवटाकडे बारीक अक्षरात दोन ओळी होत्या. हंगामी कारखान्यातल्या कामगारानं वर्षातून थोडेच महिने काम केलं असलं, तरी ते त्याचं पूर्ण वर्ष धरायचं.

तिनं त्या ओळी पुन्हा वाचल्या. पाच महिने म्हणजे एक वर्ष. अकरा हंगाम म्हणजे अकरा वर्षं. मग फोनवर चार वर्षं सात महिने कसे? तिनं सासूचं पासबुक उघडलं. आता शून्य झालेल्या पहिल्या खात्यावर नाव होतं जिनिंगचं. दुसऱ्यावर तेल मिलचं. मालक तोच, आवारही तेच, पण सरकीचं तेल काढायची ती मिल बारा महिने चालते, म्हणजे हंगामी नाही. कागदाच्या हिशेबानं रुख्मिणीबाई तेल मिलच्या कामगार होत्या, पाच महिने यायच्या आणि मनानं सोडून जायच्या. आणि जिनिंगच्या खात्यात जी चार खरीखुरी हंगामी वर्षं उरली होती, तीही पौर्णिमानं स्वतःच्या बोटानं तेल मिलमध्ये नेऊन टाकली होती.

कोणता नंबर कायचा हाय.

"काय झालं?" शेजारी बसलेली निता म्हणाली. ती शेजारच्याच घरातली. "तोंड काहून पडलं? सुई पोरीले टोचाची हाय, तुले नाही."

"निता, पेन्शनचा हिस्सा एकदा काढला की ती वर्षं परत येत नाहीत," पौर्णिमा म्हणाली, आणि नितानं काही न समजून पिंकीला आपल्या मांडीवर घेतलं.

घरी आल्यावर तिनं सासूला सगळं सांगितलं, काही न लपवता. रुख्मिणीबाई तूर निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"पैसे आले का खात्यात?"

"अजून नाही, आई. चार दिवस झाले. कधीही येतील."

"मंग उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ. पोरगीले टोपडं घेजो, खिडकीतून वारा लागते."

पीएफचं ऑफिस अकोल्याला, आणि तिकडे जायला कारंज्याहून एसटी मूर्तिजापूरमार्गे. पिंकीला रात्री थोडी कणकण होती. पौर्णिमा दर दहा मिनिटांनी तिच्या कपाळाला हात लावायची, आणि मधल्या वेळात फोनकडे बघायची, बँकेचा मेसेज तर नाही आला. मूर्तिजापूर गेल्यावर तिला राहवलं नाही.

"आई, हिरीमावशीनं मला सांगितलं होतं. नाव ठेवायच्या दिवशी. मी ऐकलं नाही."

"म्या बी त तिथंच होती," रुख्मिणीबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "मले काय ऐकू नोतं येत? म्या म्हटलं, सून शिकेल हाय, तिले काय सांगाचं. तू मोबाइलवर भरोसा ठेवला, म्या तुह्यावर ठेवला. आता रडू नको, पोरगी पाहून राह्यली तुह्याकडे."

पीएफच्या ऑफिसात खिडकीमागे एक मॅडम होत्या, गळ्यातल्या कार्डावर उज्ज्वला एवढं नाव वाचता आलं. त्यांनी नंबर टाकला, पडदा बघितला.

"क्लेम आलेला आहे. मंजूर झालेला नाही अजून," मॅडम म्हणाल्या. "परत पाहिजे तर अर्ज द्या. कारण लिहा."

"कारण मोठं आहे."

"मोठं असलं तर पान मागून घ्या. घाई नका करू."

पौर्णिमानं अर्ज लिहिला. खाली रुख्मिणीबाईंनी सही केली, एकेक अक्षर वेगळं पाडून. मॅडमनी तो दोनदा वाचला, मग रुख्मिणीबाईंकडे बघून विचारलं, "तुम्ही काम कुठं करत होत्या बाई? जिनिंगमध्ये की तेल मिलमध्ये?"

"तेल मिलीत म्या पायही ठेवला नाही. तिथं गड्याइचं काम. आमी कापसावर."

"मग हे तुमच्या कंपनीनं लिहून दिलं पाहिजे. दुसऱ्या खात्यातली नोंद चुकीच्या ठिकाणी झाली, या बाई हंगामी जिनिंगच्या होत्या, इतके हंगाम. आणि त्याला पुरावा. दहा हंगाम तरी कागदावर दिसले पाहिजेत." त्यांनी पोच दिली. "तोपर्यंत हा क्लेम पुढे जाणार नाही. पण पुरावा आला नाही तर मला चार वर्षं सात महिनेच धरावे लागतील. तेव्हा वेळ लावू नका."

पौर्णिमानं पोच वाचून पिशवीत नीट ठेवली. परतीच्या गाडीत पिंकी झोपली. ताप नव्हता.

पुरावा जिनिंगमध्येच असणार होता. दोन दिवसांनी दोघी तिथं गेल्या. जिनिंग बंद होतं, शेडमध्ये चिमण्या होत्या. पलीकडे तेल मिल चालू होती आणि सगळ्या आवाराला सरकीचा वास होता. आत जायला गेट एकच. गेटाजवळच्या ऑफिसात हरीओम मुनीम बसले होते, वीस वर्षांपासून त्याच खुर्चीवर.

"या रुख्मिणीबाई. आता त सीझन नाही, काहून आल्या?"

"तुले पाहाले आली. सुकला का फुगला ते."

"फुगलो. सूनबाई, बसा. पोरीले पंख्याखाली घ्या."

पौर्णिमानं पासबुकाचे कागद समोर ठेवले आणि सगळं सांगितलं. मुनीमांनी एकेक कागद ओळीवर बोट ठेवून वाचला. मग त्यांनी चष्मा काढला.

"गेट एक, मालक एक, हजेरी बी एक," ते म्हणाले. "आधार जोडाचं आलं त्या साली मले म्हणे महिन्याभरात सगळ्याइचं करा. तेल मिलची फाइल उघडीच होती. जिनिंगच्या चौदा बाया बी त्याच्यातच टाकल्या. मले वाटलं, पैसे त तेवढेच जातात. दोन-दोन फायली कायले?"

"पैसे तेवढेच गेले, भाऊ. वर्षं गेली," पौर्णिमा म्हणाली.

"हे आता लिहून द्याचं म्हणजे हरीओम चुकला असं लिहून द्याचं. शेठ काय म्हणतीन?"

रुख्मिणीबाईंना खोकला आला, तो लवकर थांबेना. मुनीमांनी उठून माठातलं पाणी दिलं.

"शेठ एक दिवस बोलतीन," पाणी पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या. "तुह्या घरी मुलगी झाली तवा तू कामावर होता, बायको दवाखान्यात होती, अन् रात्री हिरी अन् मी बसलो होतो तिच्यापाशी. तुले आमी त्या रातीची हजेरी नाही मांगतली."

पौर्णिमानं एक कोरा कागद पिशवीतून काढला.

"चूक तुमच्या एकट्याची नाही, भाऊ. जिनिंगचं पहिलं खातं मी बंद पाडलं, न विचारता. मीही तसं लिहून देते, सही करून. दोन्ही कागद सोबत लावू. शेठला दाखवा, म्हणावं शिकलेलीही चुकली."

हरीओम मुनीम पहिल्यांदा हसले. "तुमी बी.कॉम. ना? मी बारावी नापास. मंग माही चूक लहान झाली." आणि लगेच गंभीर झाले. "पण पुरावा काय द्याचा? हजेरी त एकच आहे. तिच्यात कोण जिनिंगची अन् कोण मिलची, कुठं लिहेल हाय?"

हा प्रश्न पौर्णिमानं दोन दिवस डोक्यात घोळवला होता आणि तिला उत्तर मिळालं नव्हतं. उत्तर रुख्मिणीबाईंजवळ होतं.

"काटापूजनाच्या वह्या कुठं हायेत तुह्या?"

दर साली कापसाची खरेदी सुरू होताना जिनिंगमध्ये काट्याची पूजा होते. त्या दिवशी जिनिंगच्या प्रत्येक बाईला एक खण आणि खोबऱ्याची वाटी मिळते. तेल मिलवाल्यांना नाही, कारण काटा कापसाचा. रुख्मिणीबाई बौद्ध; त्या काट्याला हात जोडत नसत, पण खोबरं सोडत नसत. आणि कोणी दोनदा नेऊ नये म्हणून मुनीम नव्या वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून चौदा नावं लिहायचे, समोर सही नाहीतर अंगठा. पूजेची वही म्हणून ती कोणी रद्दीत टाकत नाही.

वह्या माळ्यावर होत्या, लाल फडक्यात. मुनीम स्टुलावर चढले, पौर्णिमा एकेक खाली घेत गेली आणि धूळ पिंकीवर जाऊ नये म्हणून दाराबाहेर झटकत गेली. एक, दोन, तीन. प्रत्येक पहिल्या पानावर हळदकुंकवाचा डाग, वर 'जिनिंग बाया' असं शीर्षक, आणि खाली कुठेतरी रुख्मिणीबाईंची ती वेगळी वेगळी अक्षरं. दहावी वही खाली आली. मुनीम माळ्यावर हात फिरवत राहिले.

"अकरावी?"

"कोरोनाचं साल. पूजाच नाही झाली त्या साली, सूनबाई. वहीच नाही."

पौर्णिमानं पुन्हा मोजल्या. मग तिसऱ्यांदा मोजल्या. दहा. मॅडमनी दहाच हंगाम सांगितले होते.

"ही पाय," रुख्मिणीबाई एका पानावर बोट ठेवून म्हणाल्या. "हिरीचं नाव दोनदा. त्या साली तिनं दोन खण नेले. म्या सांगतलं होतं तुले, तू ऐकलं नाही."

"मले त ती म्हणे, दुसरा प्रेमसिंगच्या बायकोचा."

पत्र लिहायला बसल्यावर मुनीम म्हणाले, एकटीचं कशाला, चौदाही जणींचं लिहून देतो. एकीचं केलं तर बाकीच्या मला गेटातून बाहेर पडू देणार नाहीत. शेठ खरंच एक दिवस बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली.

त्यानंतर वाट बघणं होतं. ऑफिसातून एकदा माणूस येऊन वह्या बघून गेला, एकदा अजून एक कागद मागितला. पौर्णिमानं तापाच्या वहीच्या मागच्या पानावर तारखा लिहायला सुरुवात केली: पत्र दिलं, पोच आली, फोन केला. ऑगस्टच्या शेवटी पासबुकात नोंद बदलली. जिनिंग, हंगामी, अकरा वर्षं. तो क्लेम केव्हाच परत आला होता. पेन्शनचा अर्ज भरताना तिनं प्रत्येक रकाना सासूला मोठ्यानं वाचून दाखवला, आणि सहा आकडे आले तेव्हा फोन सासूच्याच हातात दिला.

महिन्याला हजाराच्या थोडी वर पेन्शन बसली. विनोद म्हणाला, टिन काही येणार नाही यात.

"टिन तू आण," रुख्मिणीबाई फोनमध्ये म्हणाल्या. "हे माहं हाय. माह्या खोकल्याच्या बाटलीले आता कोणाले मांगाचं काम नाही."

चौदा बायांच्या यादीतल्या, सासू सोडून, बारा जणी पौर्णिमानं स्वतः शोधून काढल्या. कोणी आसेगावला लेकीकडे होती, कोणी मेडशीच्या शेतात सोयाबीन सोंगायला गेली होती. पिंकीला कडेवर घेऊन ती प्रत्येकीकडे गेली आणि तेच सांगितलं: पैसे काढू नका, आधी बघू द्या. दोघींनी फॉर्म भरून ठेवले होते, द्यायचेच बाकी होते. यादीत आता एकाच नावासमोरची जागा रिकामी आहे.

हिरीबाई तांड्यावर नाही. ऊसतोडीहून बाकीचे लोक वैशाखात परतले, तिचं घर बंदच राहिलं. प्रेमसिंग म्हणतो, सांगलीकडे एका वीटभट्टीवर राहिली. त्याची बायको म्हणते, कर्नाटकात. जुना नंबर लागत नाही. हिरीबाईचे दहा हंगाम भरतात, वह्यांमध्ये अंगठे आहेत, एका सालात तर दोन. पण नातीचं लग्न काढलंय असं कानावर आहे, आणि लग्नाला पैसा लागतो, आणि मोबाइल हातात घेऊन सहा आकडे विचारणारा कोणीतरी कुठंही भेटतो. दुसऱ्यांना सांगणारी बाई स्वतःच्या वेळी तसंच करेल, याची पौर्णिमाला खात्री वाटत नाही. खात्री वाटून घ्यायची सवय तिनं सोडली आहे.

म्हणून तिचं तुम्हाला एक मागणं आहे. तुमच्या गावाजवळ ऊसतोडीची टोळी उतरली असेल, वीटभट्टी असेल, तर एकदा तिकडे चक्कर मारा. वाशीमकडची, साठीच्या आतली, उंच, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, बोलता बोलता हसवणारी हिरीबाई आहे का विचारा. भेटली तर आधी जेवली का विचारा. मग विचारा, पीएफच्या कोणत्या कागदावर अंगठा तर नाही ना दिला, कोणाला आकडे तर नाही ना सांगितले. तसं काही केलं नसेल तर म्हणा, तुझं ऐकलं नाही त्या पोरीनं निरोप दिलाय, तुझी वर्षं सापडली आहेत. ती ओळखेल.